रॉकेट सोडलं, आता गाडी काढा

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी आपण जेसीबीबद्दल बोललो, त्यावर बरेच फोन आले, आणि त्यात अक्कलकोट रोडच्या एका ट्रकवाल्या मित्रानं विचारलं की ओ, ते युक्रेनच्या बातम्यांत दाखवतात, ट्रकच्या पाठीवरनं धडाधड रॉकेटं उडतात, तर तो ट्रक फाटत कसा नाही? चासी कसली लावतात? आता बघा, सगळं जग रॉकेट कुठं पडलं ते बघतं आणि ह्यानं चासीकडं बघितलं. मला असली माणसं आवडतात.

तर आजचा विषय तोच. ट्रकवर बसवलेली रॉकेटं. फौजेत एमबीआरएल म्हणतात, मल्टी बॅरल रॉकेट लाँचर.

आधी मित्राचा प्रश्न उरकून टाकू. तोफेचं कसं असतं, नळीत दारू पेटते, तिच्या दाबानं गोळा पुढं जातो आणि तेवढ्याच जोराचा धक्का मागं बसतो. तो धक्का सोसायला नळी जाड पाहिजे, गाडा जड पाहिजे, पाय जमिनीत रोवलेले पाहिजेत. रॉकेटला हे काही लागत नाही कारण त्याची दारू त्याच्याच पोटात असते, ते स्वतःला ढकलत जातं. दिवाळीत आपण बाटलीत बाण उभा करतो, बाण जातो, बाटली तिथंच, तिचं काम फक्त बाणाचं तोंड कुठं ते ठरवायचं. ट्रकवरची नळी म्हणजे तीच बाटली. परत सांगतो, धक्का जवळपास नाही, म्हणून जड गाडा नको, साधा ट्रक पुरतो. मागनं आग आणि वारा मात्र जबरदस्त येतो, त्यामुळं सोडताना मागं कोणी उभं राहत नाही.

मग तोफा कशाला ठेवल्या, सगळीकडं रॉकेटंच लावायची की? तर दोन अडचणी. एक, नेम. साधं रॉकेट वाऱ्यानं भरकटतं, दहा किलोमीटरवर टाकलं तर शंभर-दोनशे मीटर इकडंतिकडं सहज. म्हणून एक सोडून भागत नाही, एकदम झुंडच सोडायची, पंधरावीस सेकंदात चाळीस. दोन, धूर. रॉकेटं उडाली की एवढा धूर आणि धुरळा उठतो की समोरच्याला कळतं हे कुठनं आलं, आणि आता तर रडारच असतं, वर जाणारं रॉकेट बघून कुठनं सुटलं ते काढून देतं. मग तिथं उलटा मारा येणारच. त्यामुळं या हत्याराचा नियम एकच, सोडायचं आणि निघायचं. परत सांगतो, सोडायचं आणि निघायचं. निघायला काय लागतं? ट्रक. आणि ड्रायव्हर.

तसं रॉकेट आपल्याला नवीन नाही. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपूची लोखंडी नळीची रॉकेटं इंग्रजांना पुरती माहीत होती. १७८० ला पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांचे दारूचे गाडे उडाले आणि त्यांची सगळी तुकडीच गारद झाली, बरेच लोक म्हणतात ते गाडे रॉकेटांनीच पेटले. मराठी फौजेतही बाण असायचे, पानिपतावर होते. टिपू पडल्यावर १७९९ ला श्रीरंगपट्टणची रॉकेटं इंग्रजांनी मायदेशी नेली, काँग्रीव्ह नावाच्या माणसानं त्यावर काम करून स्वतःची केली आणि १८०७ ला त्यांनी कोपनहेगन जाळलं. पुढं तोफांच्या नळ्यांना आतून आटे आले, नेम सुधारला आणि रॉकेट मागं पडलं. ते परत आलं ते ट्रक आल्यावर.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती माझ्या घरच्यांनी इतक्या वेळा ऐकलीय की मी "ओर्शा" म्हणलं की पोरं जेवणाच्या ताटावरनं उठतात. पण तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणजे जाऊ शकता, पण मला दिसणार नाही.

गोष्ट रशियातली, कात्यूशा नावाच्या रॉकेटगाडीची. १९३३ च्या सुमाराला मॉस्कोत रॉकेटवर काम करणारी एक संस्था निघाली. मुख्य साहेब इव्हान क्लेयम्योनोव, आणि त्यांच्या हाताखाली गेओर्गी लांगेमाक, तोफखान्यातला इंजिनिअर. या लोकांनी आधी विमानाला लावायची रॉकेटं केली आणि मग डोक्यात आलं की हीच जमिनीवरनं ट्रकवर लावून सोडली तर? पण तेवढ्यात स्टालिनची धरपकड सुरू झाली. १९३७ च्या शेवटी दोघांनाही उचललं, आणि १९३८ च्या जानेवारीत दोन दिवसांत दोघांनाही गोळ्या घातल्या. त्याच संस्थेतला अजून एक जण, सेर्गेई कोरोल्योव, त्यालाही उचललं, तो वाचला, आणि पुढं त्यानंच स्पुटनिक सोडला. विचार करा, एवढी डोकी असलेली संस्था आणि त्यातली दोन डोकी सरकारनं स्वतःच्या हातानं संपवली.

काम बाकीच्यांनी पुढं रेटलं. आता माझ्या ट्रकवाल्या मित्रा, नीट ऐक. पहिल्यांदा त्यांनी काय केलं, झिस-५ नावाच्या ट्रकवर रॉकेट ज्यावरनं सरकत सुटतं त्या पट्ट्या आडव्या बसवल्या, म्हणजे रॉकेट ट्रकच्या बाजूनं बाहेर पडणार. धक्का बसत नाही म्हणलो ना मी, पण मागनं जो वारा येतो त्यानं गाडी डुलायला लागली, एक रॉकेट सुटलं की गाडी एकीकडं झुकायची, दुसरं सुटेपर्यंत नेमच सरकायचा. कमानपाट्यावर उभी असलेली गाडी, ती डुलणारच की! आपल्याकडं उसाची गाडी नाक्यावर वळताना कशी डुलते ते रोज बघतो आपण, आणि ओव्हरलोड घालणाऱ्यांना मी त्या दिवशीही बोललो होतो आणि आजही बोलतो, पण ते राहू दे. तर मग त्यांनी पट्ट्या ट्रकच्या लांबीला धरून सरळ उभ्या लावल्या, म्हणजे रॉकेट केबिनच्या डोक्यावरनं जाणार, गाडी घेतली सहा चाकांची झिस-६, मागं दोन जॅक दिले, सोडायच्या आधी जॅक खाली करून गाडी बसवायची म्हणजे पाटे हलत नाहीत. आणि केबिनच्या काचेवर पत्र्याची झडप, कारण आग काचेवरनंच जाणार. आठ पट्ट्या, वर एक खाली एक, अशी सोळा रॉकेटं. एकेक १३२ मिलिमीटर जाड, वजन बेचाळीस किलोच्या आसपास, पल्ला साधारण साडेआठ किलोमीटर.

सोडायचं बटण कुठं होतं? केबिनमध्येच. आत एक हँडल, ते फिरवलं की एकेक रॉकेटला करंट लागायचा, आणि सात ते दहा सेकंदात सोळाच्या सोळा बाहेर. शेजारी ड्रायव्हर बसलेला. डोक्यावरनं सोळा रॉकेटं जाताहेत आणि हा गडी स्टिअरिंग धरून बसलाय. त्याच्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकात किती ओळी असतात? एक नसते. ड्रायव्हर लोकांचं असंच असतं, माल पोचला तर शेटचं नाव आणि नाही पोचला तर ड्रायव्हरचं.

तारीख बघा. १७ जून १९४१ ला मोठ्या साहेबांना हे दाखवलं. २१ जूनला हुकूम निघाला, बनवायला घ्या. आणि २२ जूनच्या पहाटे हिटलरची फौज रशियात घुसली. एका दिवसाचं अंतर! घाईघाईत पहिली बॅटरी, म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या गाड्यांची तुकडी, उभी केली, सात गाड्या, आणि तिच्यावर कॅप्टन नेमला इव्हान फ्लियोरोव. छत्तिशीचा माणूस, तोफखान्याच्या कॉलेजात शिकत होता, वर्गातनं उठवून पाठवला. गुपित एवढं की गाड्यांवर ताडपत्री, प्रवास रात्रीचा, दिवसा झाडीत लपायचं, आणि प्रत्येक गाडीत स्फोटकं बसवलेली, का तर गाडी जर्मनांच्या हाती लागायची वेळ आली तर आपणच उडवायची. जुलैच्या सुरुवातीच्या रात्री मॉस्कोहून निघाले.

१४ जुलै १९४१, दुपारचे सव्वातीन. ओर्शा नावाचं रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, आजच्या बेलारूसमध्ये, आपल्याला रेल्वे जंक्शन काय असतं ते सांगायला नको, सोलापूर त्यावरच उभं राहिलं. जंक्शन जर्मनांनी घेतलेलं, रुळांवर डब्याला डबा लागलेला. फ्लियोरोवच्या सात गाड्या लांब एका जागी आल्या, ताडपत्र्या काढल्या, जॅक खाली, झडपा खाली, बाकीचे बाजूला पळाले. आणि हँडल फिरलं. सात गाड्या, सोळा-सोळा, म्हणजे एकशे बारा रॉकेटं, डझनभर सेकंदात. तो आवाज ऐकलेले जर्मन पुढं या हत्याराला स्टालिनचा ऑर्गन म्हणायला लागले. स्टेशन पेटलं. डबे, इंधन, दारूगोळा, सगळं एकत्र.

आणि आता माझा आवडता भाग. आपण असतो तर काय केलं असतं? बघत उभे राहिलो असतो! खरं सांगा, गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर दारूकाम सुरू झालं की कोण हलतं जागचं, पोरगं रडतंय, चप्पल हरवली, तरी मान वर. फ्लियोरोव बघत बसला नाही. जॅक वर, ताडपत्री टाकली न टाकली, गाड्या गिअरमध्ये, निघा. दीडेक तासानं त्याच गाड्या दुसरीकडं, ओर्शित्सा नदीच्या पुलापाशी परत हाणत होत्या. जर्मनांना वाटलं काय माहीत किती तोफा आल्यात, आणि होत्या सात ट्रक. सोडायचं आणि निघायचं, हे पुस्तकात नंतर आलं, आधी फ्लियोरोवच्या ड्रायव्हरांनी केलं.

तीन महिने ही बॅटरी अशी पळत होती. मध्ये मध्ये हातानं परत भरायचं, बेचाळीस किलोचं एकेक उचलून पट्टीवर सरकवायचं, एका गाडीला सोळा, ही हमाली वेगळीच. ऑक्टोबरमध्ये जर्मनांनी व्याझ्माजवळ मोठा वेढा टाकला आणि बॅटरी त्यात सापडली. शत्रूच्या पाठीमागनं रस्त्याआडनं दीडशेक किलोमीटर काढले त्यांनी. पेट्रोल संपत आलं. मग फ्लियोरोवनं काय केलं, उरलेलं पेट्रोल रॉकेटच्या गाड्यांत घातलं, बाकीच्या सामानाच्या गाड्या स्वतःच उडवल्या आणि पुढं निघाला. ७ ऑक्टोबरच्या रात्री बोगातिर नावाच्या खेड्यापाशी दबा धरून बसलेल्या जर्मनांनी घेरलं. ट्रकला वळायला जागा नाही. तिथल्या तिथं शेवटची रॉकेटं सोडली, आणि मग ती जी स्फोटकं पहिल्या दिवसापासनं गाड्यांत होती, ती पेटवली. फ्लियोरोव तिथंच गेला. थोडे लोक निसटले. एकही गाडी जर्मनांना मिळाली नाही, असं रशियन लोक सांगतात.

आणि सरकारनं काय केलं? कागदावर "बेपत्ता". वेढ्यात सापडलेल्या माणसावर तेव्हा संशयच, पकडला गेला असेल, फितूर झाला असेल. १९६३ मध्ये एक पदक दिलं आणि सगळ्यात मोठा किताब, रशियाचा वीर, तो मिळाला १९९५ ला. चोपन्न वर्षांनी! आपल्याकडं पेन्शनची फाइल अडकली की आपण बोंब मारतो, मारलीच पाहिजे, पण हे बघा.

आणि ते लांगेमाक, क्लेयम्योनोव? १९४१ च्या जुलैतच, म्हणजे ओर्शाच्या सुमाराला, या हत्याराचा किताब संस्थेचा तेव्हाचा वरिष्ठ कोस्तिकोव याला मिळाला. ज्यांच्या डोक्यातनं हे रॉकेट निघालं ते तीन वर्षांपूर्वीच मातीत. त्यांना किताब मिळाला १९९१ ला, मेल्यावर, सोव्हिएत युनियन स्वतः मोडायच्या काही महिने आधी. कोस्तिकोवलाही पुढं १९४४ ला आत टाकलंच म्हणा. कुठल्याही ऑफिसात जा, काम करणारा टेबलाच्या अलीकडं आणि फोटो काढून घेणारा पलीकडं.

बरं, घड्याळ बघून मला आमचे रेकॉर्डिंगवाले हातवारे करताहेत. म्हणजे बाकीचं पळत सांगतो.

या गाडीला सैनिक कात्यूशा म्हणायचे, पुढं हजारोंनी झाल्या. झिसच्या गाड्या कमी पडायला लागल्या, आणि तेवढ्यात अमेरिकेनं मदत म्हणून लाखावर स्टुडबेकर ट्रक पाठवले. रशियन लोकांनी त्यावर पट्ट्या चढवल्या. अमेरिकन ट्रक, रशियन रॉकेट, आणि दणादण बर्लिनपर्यंत. तीन एक्सल, तिन्हीला ओढ, चिखलात थांबायचं नाव नाही. गाडी चांगली असली की झेंडा कुणाचा ते बघत नाही कोणी.

मग १९६३ च्या सुमाराला ग्राद आली, बीएम-२१. उराल ट्रक, चाळीस नळ्या, १२२ मिलिमीटर, वीस सेकंदात चाळीसच्या चाळीस, वीस किलोमीटर पल्ला. ही जगभर पसरली, जिथं लढाई तिथं ग्राद. आपल्या फौजेकडंही आली आणि १९९९ ला कारगिलला वापरली. कारगिलला आपल्या तोफखान्यानं सगळं मिळून अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं टाकली, तोफा, उखळी तोफा, रॉकेटं सगळं धरून.

आणि कारगिललाच आपली स्वतःची गाडी पहिल्यांदा डोंगरात गेली. पिनाक. सिद्धरामेश्वरांच्या गावात पिनाक म्हणजे कुणाचं धनुष्य ते सांगत बसत नाही. ही बनवली पुण्यात, पाषाणला डीआरडीओची प्रयोगशाळा आहे एआरडीई म्हणून, तिथं. टाट्राचा ट्रक, आठ चाकं, आठही ओढणारी, वर दोन पेट्या, प्रत्येकीत सहा नळ्या, म्हणजे बारा रॉकेटं, २१४ मिलिमीटर, चव्वेचाळीस सेकंदात बाराच्या बारा. एका बॅटरीत सहा गाड्या, म्हणजे पाऊण मिनिटात बहात्तर. पहिल्या पिनाकचा पल्ला चाळीस किलोमीटरच्या आत होता. सोलापुरात उभी केली तर तुळजापूरपर्यंत पोचायला जरा कमीच. आता जी नेम धरणारी पिनाक आलीय तिचा पल्ला पंचाहत्तरच्या घरात. तिची रॉकेटं नागपूरला बनतात, आणि आर्मेनियानं आपल्याकडनं ती विकतही घेतली. विदर्भाला काही दिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि सोलापूरला काय दिलं ते मात्र मला विचारू नका, मी गिरण्यांवर घसरेन आणि वेळ संपेल.

नेम धरणारी म्हणलो त्याचा अर्थ असा की रॉकेटच्या नाकात उपग्रहावरनं जागा घेणारं यंत्र आणि पुढं छोटे पंख, वाटेत स्वतःला सुधारत जातं. त्यामुळं झुंड सोडायची गरज कमी झाली, एका पुलाला एक-दोन पुरतात. युक्रेनमध्ये २०२२ च्या जूनपासनं जी अमेरिकन हायमार्स दिसते ती याच जातीतली, सहाच रॉकेटं, सत्तरच्या वर किलोमीटर, केबिनमध्ये तिघं जण. भरायला हमाली नाही, सहाची अख्खी पेटी एकदम, गाडीचीच क्रेन ती उचलून बसवते. रशियानं मग उपग्रहाचा सिग्नल बिघडवायला सुरुवात केली आणि तिचाही नेम हलला. हे असं चालूच राहतं, एकानं कुलूप केलं की दुसरा किल्ली करतो.

आमच्याकडं गाडीच्या कामाला एक रिटायर हवालदार यायचे, बार्शीकडचे, तोफखान्यातले. मी त्यांना विचारलं, सगळ्यात अवघड काय असतं ओ या रॉकेटगाडीत? मला वाटलं नेम म्हणतील, हिशेब म्हणतील. ते म्हणाले, रात्री लाईट न लावता घाटात गाडी मागं घेणं. कॉम्प्युटर रॉकेटचा हिशेब करतो, पण रिव्हर्सला क्लीनर खाली उतरून हात मारतो तो मारावाच लागतो, आणि तिथं हात दिसत नाही, हाताला हात लावून सांगायचं. असं म्हणून त्यांनी स्वतःची जीप आमच्या बोळातनं आरशात न बघता एका दमात मागं घेतली, दोन्हीकडनं वीतभर जागा सोडून. आमच्या मेकॅनिक पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं महापालिकेनं विजापूर रोडच्या जड वाहनांना लायसन द्यायच्या आधी तेवढं एक करून घ्यावं, पण लायसन महापालिका देत नाही, आरटीओ देतं, तर आरटीओनं करावं.

चला, हातवारे आता जोरात सुरू झालेत. ज्यांना पट्ट्या आणि जॅकचं अजून विचारायचंय त्यांनी पत्र टाका, पत्त्यात पिनकोड नीट लिहा. पुढच्या वेळी बोलायचंय रिमोल्ड टायरवर, घ्यावा की घेऊ नये, आणि घेतला तर पुढच्या चाकाला का लावू नये. नमस्कार.